क्युशू-पलाऊ रांगेखालचे भूकवच: केबल असताना तळावरची उपकरणे कशासाठी?

आपण विचारले आहे की, जहाजामागे हायड्रोफोनची (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या उपकरणांची) काही किलोमीटर लांब केबल ओढली जात असताना जपानच्या दक्षिणेकडील क्युशू-पलाऊ या समुद्रबुड्या रांगेच्या सर्वेक्षणात तळावर भूकंपमापकही का सोडले गेले. केबलमुळे थरांची मांडणी छान दिसते, पण खोल थरांतील तरंगवेग कळत नाही. आणि जुन्या द्वीपचापाच्या (ज्वालामुखी बेटांच्या कमानीच्या) बाबतीत सारा वाद त्या वेगाचाच असतो.

सुमारे २० किलोमीटर खोल जाऊन वळून आलेला तरंग टिपायचा, तर एअरगन (दाबलेली हवा सोडून आवाज करणारे यंत्र) भूकंपमापकापासून साधारण १०० किलोमीटर दूर न्यावी लागते. एवढी केबल कोणी ओढू शकत नाही. म्हणून भूकंपमापक वजन बांधून सोडतात, एअरगनचे स्फोट करत त्यांच्यावरून जहाज नेतात आणि शेवटी ध्वनिसंकेत देऊन त्यांना वजनापासून सोडवून वर बोलावतात. स्फोटांमध्ये सुमारे २०० मीटर अंतर, म्हणजे साडेचार नॉटच्या गतीला जवळजवळ दीड मिनिट ठेवतात, कारण आधीच्या स्फोटाचा पाण्यातला गोंगाट विरला नाही तर दूरचा क्षीण तरंग त्यात बुडून जातो. (घड्याळाची चूक आणि बुडताना प्रवाहाने सरकलेली जागा दुरुस्त करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण निम्मी विश्वासार्हता तिथेच ठरते.)

१९९२ च्या सर्वेक्षणात जपानच्या दक्षिणेकडील इझू-बोनिन या द्वीपचापाखाली सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाचा मध्य थर सापडला. महासागरी कवचातल्या गॅब्रो या गडद अग्निज खडकात वेग ७ च्या आसपास असतो. त्यामुळे हा थर टोनालाइटसारख्या, खंडीय कवचाशी नाते सांगणाऱ्या खडकाचा मानला गेला. जपानच्या होन्शू बेटावर आदळलेल्या याच चापाचे टोनालाइट तान्झावा डोंगरांत उघडे पडले आहेत आणि त्यांचे प्रयोगशाळेत मोजलेले वेग या अर्थाला बळ देतात. तरीही केवळ वेगावरून खडक ठरवू नये. भूकंपमापकाच्या आडवी हालचाल मोजणाऱ्या घटकांवर नोंदलेले एस-तरंगही (खडक आडवा हलवत जाणारे) पाहावेत, कारण क्वार्ट्झ जास्त असलेल्या खडकात पी (दाबाच्या) आणि एस तरंगांच्या वेगांचे गुणोत्तर कमी येते.

क्युशू-पलाऊ रांग ही त्याच चापाची, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी फाटून मागे राहिलेली बाजू आहे. तिच्या कवचाची जाडी जागोजागी बरीच बदलते, पण फाटताना कवच ताणले गेले असल्याने आजच्या जाडीला मूळ चापाची जाडी समजणे मला घाईचे वाटते. प्रतिमेत मोहोची (कवच आणि त्याखालचे प्रावरण यांच्या सीमेची) ठळक रेघ दिसली, तरी तिथून तरंगांचे किती किरण गेले आहेत ते आधी तपासावे.