पुढच्या हाताला दुरुस्त करता यावं म्हणून

अनेक आशीर्वाद.

तुझा फॉन्ट उघडून दोन दिवस त्यात रमलो होतो. अक्षरं ठाम उभी आहेत, आणि ‘ळ’चं वळण तर फार देखणं उतरलंय. पण तू अक्षरांबद्दल विचारलंच नाहीस. दीड वर्ष खपून केलेलं हे काम विकावं की खुल्या परवान्यावर सोडावं, असं तू विचारलंस. ‘फुकट वाटलंस तर पुढे पैसे कोण देईल,’ असं घरचे म्हणतात, हेही लिहिलंस. घरच्यांची काळजी खोटी नाही. तरी माझं मत आधीच सांगतो : हा फॉन्ट खुला कर. मात्र आपण काय देतोय आणि काय देत नाही, हे पुरतं समजून घे. मी ते समजून न घेता दिलं होतं.

२००४च्या सुमारास मी शीर्षकांसाठी एक जाड देवनागरी फॉन्ट केला होता. हौसेनं सगळ्यांना वाटला. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं : ‘मोफत आहे. कुणीही वापरा.’ याहून मोकळं काय असणार, असं मला वाटलं होतं. पुढे २००८ साली ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्रपणे आलं, २००९च्या शासन निर्णयाने ते मराठी वर्णमालेतही आलं. माझ्या फॉन्टमध्ये ते अर्थातच नव्हतं. ‘ॲप’ किंवा ‘ॲड’ लिहिलं की तेवढं एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून येऊन ओळीत बसायचं. एका प्रकाशकांकडच्या मुलानं ते अक्षर स्वतः काढून फॉन्ट नीट केला, पण तो छापखान्याला आणि इतरांना द्यायला त्यांचे वकील तयार होईनात. ‘वापरा’ म्हटलं म्हणजे ‘बदला आणि पुढे द्या’ असं होत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मला कळलं तेव्हा मी लगेच लेखी परवानगी दिली. पण तोवर मूळ फाइली असलेली माझी हार्ड डिस्क गेली होती, आणि तो मुलगाही नोकरी सोडून गेला होता. तो फॉन्ट आज कुणीच वापरत नाही. त्याची मला अजून रुखरुख आहे.

मोफत आणि खुलं यांतला फरक मला तेव्हा कळला. मोफत म्हणजे किंमत शून्य, एवढंच. खुल्या परवान्यात मात्र अनोळखी माणसाला स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असतं, की हे उघड, बदल, पुढे दे, मला विचारायला येऊ नकोस. लिपीच्या कामात याला फार मोल आहे, कारण लिपी थांबत नाही. नवं अक्षर येतं, रुपयाचं चिन्ह येतं. हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये मराठी पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ घालायचा असतो. ते काम फॉन्ट करणाराच करील असं नाही. तो दमलेला असेल, दुसऱ्या कामात असेल, कदाचित हयातही नसेल.

माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण आपल्याकडचंच आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट करवून घेतला आणि खुल्या परवान्यावर दिला. पुढे आयआयटी मुंबईत संस्कृत ग्रंथांवर काम करणाऱ्यांना मोठमोठी जोडाक्षरं आणि वैदिक स्वरचिन्हं असलेला फॉन्ट हवा होता. त्यांनी ‘यशोमुद्रा’च्या पायावर ‘शोभिका’ उभा केला. मराठीसाठी सरकारी पैशातून झालेलं काम अशा रीतीने वेदपाठाच्या छपाईला लागलं. त्यासाठी कुणाला मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. ‘शोभिका’च्या परवान्यात ‘यशोमुद्रा’ची नोंद आहे, तीही कायमची.

हे दोन्ही फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. लोक त्याला ओएफएल म्हणतात. त्याची आज चालणारी १.१ ही आवृत्ती २००७ची. तुझ्या फॉन्टलाही हाच परवाना लाव. दोन पानांचा मजकूर आहे, स्वतः वाच. फॉन्ट कुणीही कशासाठीही वापरावा, धंद्यासाठीसुद्धा. बदलावा, वाटावा. पण नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि त्यावरून केलेला नवा फॉन्टही याच परवान्यावर द्यावा लागतो. म्हणजे तुझं काम घेऊन कुणी दार बंद करू शकत नाही. त्या फॉन्टात छापलेल्या पुस्तकाला किंवा पाटीला मात्र परवाना चिकटत नाही. तुला हवं तर फॉन्टचं नाव राखून ठेवता येतं. मग बदललेल्या प्रतीला वेगळं नाव द्यावं लागतं, आणि कुणी कच्चं काम केलं तर ते तुझ्या नावावर फिरत नाही. एक मात्र ध्यानात घे : दिलेला परवाना परत घेता येत नाही. म्हणून दोन महिने थांबायचं असेल तर आत्ता थांब. आणि नुसता तयार फॉन्ट देऊ नकोस, मूळ आराखड्याच्या फाइलीही दे. त्या नसल्या की दुरुस्ती करणाऱ्याचे हात निम्मे बांधलेले राहतात.

आता पैशाचं. खुल्या कामाला पैसे मिळत नाहीत, हा समज चुकीचा आहे. ते बहुधा आधी मिळतात. गुगलने देवनागरीचे अनेक खुले फॉन्ट पैसे देऊन करवून घेतले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ आज गणपतीच्या फलकांवर दिसतो, तो खुला आहे. ‘पॉपिन्स’ या फॉन्टचं देवनागरी निनाद काळे यांचं, तेही खुलंच. ज्याला अक्षरांची गरज आहे तो काम करून घेतो, मोबदला देतो आणि मग ते सगळ्यांचं होतं. याउलट ‘एक्स्पोजर मिळेल, लोगो फुकट कर’ म्हणणारा ग्राहक तुला वाटून घ्यायला सांगत नाही, तो तुझी मजुरी बुडवतो. त्याला नाही म्हण.

आणि खुलं करण्याआधी ते तुझं आहे ना, हे तपास. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्यानुसार मालकाचा असतो. तू आत्ता स्टुडिओत आहेस. फॉन्ट रात्री घरी, स्वतःच्या संगणकावर केलास, तरी नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय ते बघ आणि मगच पुढे जा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कॉलेजात शिकवायला हवं, मी जमेल तिथे शिकवतो.

तुझ्या चित्रांसाठी ओएफएल नाही, क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे चित्रं-लेखन वाटण्यासाठीचे तयार परवाने. त्यांतली कलमं आपण निवडायची. ‘बदल करू नये’ हे कलम सुरक्षित वाटतं, पण मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाला ते लावलंस तर तुला विचारल्याशिवाय भाषांतरित आवृत्ती कुणालाच काढता येणार नाही. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशकाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी श्रेय देऊन कुणीही वापराव्या अशा परवान्यावर आहेत, म्हणून तर तिथली एकच गोष्ट मराठीत, कोंकणीत आणि आणखी कितीतरी भाषांत वाचायला मिळते.

तुझ्या वारली आकृत्यांच्या संचाबद्दल मात्र माझं मन राजी नाही. रेषा तू काढल्यास, पण लग्नाचा चौक आणि तारपा नाच तुझ्या घरचे नाहीत. या कलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ती ज्यांची आहे ते लोक डहाणू-तलासरीत आजही चित्रं काढतात. ‘कुणीही कशासाठीही वापरा’ हे आपण त्यांच्या वतीने म्हणू नये. तो संच बाजूला ठेव. तिकडे जा, त्यांच्याशी बोल, मग ठरव.

आणखी एक. तुझ्या फॉन्टमध्ये ‘वाऱ्यावर’ टाइप करून पाहिलं. चंद्रकोरीसारखा अर्धा र यायला हवा होता, तिथे रफार येतोय. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ही तसेच बिघडतात. एवढं नीट करून नवी फाइल पाठव, मी दादरला छापून पाहतो.

तुझा,
सर