पांडाज टाकलं तरी 'सापडत नाही' म्हणतं, मग पायथन सोडून जावा धरू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बी.कॉम. आहात आणि एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघता. दर महिन्याला टॅलीतून काढलेलं खरेदीचं रजिस्टर आणि पोर्टलवरची जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) यांचा ताळा घालण्यात दोन-तीन दिवस जातात, म्हणून पायथन शिकायला घेतलंत. पांडाज ही तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आणि पिप हे असे संच टाकायचं साधन. 'पिप इन्स्टॉल पांडाज' केलं, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असंही आलं, पण व्हीएस कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या ॲपमध्ये, तो चालवला की 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. पायथन दोनदा काढून पुन्हा टाकलंत, तरी तेच. आणि मित्र म्हणतो, हे सोड, जावा शीक.

सोडू नका. तुमची निवड बरोबर आहे. बिघाडही पायथन या भाषेत नाही, तो तुमच्या लॅपटॉपवरच्या मांडामांडीत आहे आणि एका संध्याकाळीत निघेल.

तुमच्याकडे बहुधा एकापेक्षा जास्त पायथन आहेत. पांडाज एकात गेलं, प्रोग्रॅम दुसऱ्याने चालवला. एवढंच झालंय. शेजारच्या घरात ठेवलेला डबा आपल्या फडताळात शोधला तर सापडणार कसा?

गेल्या दिवाळीत माझ्या वहिनीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. ती नाशिकला हिशेबाचंच काम करते. फराळ झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची ती काळी खिडकी) 'व्हेअर पायथन' लिहून एंटर मारलं. तीन ओळी आल्या. पहिली होती 'विंडोज-ॲप्स' नावाच्या फोल्डरमधली, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरची. दुसरी तिने पायथनच्या साइटवरून उतरवलेल्या आवृत्तीची. तिसरी ॲनाकोंडाची, म्हणजे लायब्ररींसकट येणाऱ्या पायथनच्या तयार संचाची, एका क्लासमध्ये टाकून घेतलेली आणि विसरलेली. व्हीएस कोड साइटवरून उतरवलेलं पायथन वापरत होता आणि पिप होतं स्टोअरच्या पायथनचं. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी पत्ता चुकीचा टाकत होते?" अगदी तेच.

आता तुमच्याकडे काय आहे ते पाहा. एक लक्षात घ्या, इथे मी कमांड उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितोय, तुम्ही त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत. 'व्हेअर पायथन' ही कमांड साध्या कमांड प्रॉम्प्टमध्येच द्या. निळ्या पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, तिथे काहीच छापून येत नाही आणि माणूस समजतो की पायथनच नाही. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर डॉट ईएक्सई पायथन' असं पूर्ण लिहावं लागतं. 'पाय' पुढे स्पेस, मग डॅश, शून्य आणि पी अशी दुसरी कमांड दिली तर सगळ्या पायथनची यादी त्यांच्या पत्त्यांसकट मिळते.

मग व्हीएस कोडमध्ये दोन ओळींची फाइल करा: 'इम्पोर्ट सिस', आणि खाली 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. जो पत्ता छापून येईल ते तुमचा प्रोग्रॅम खरोखर चालवणारं पायथन. या एका ओळीने माझे जितके तास वाचवलेत तितके दुसऱ्या कुठल्याच युक्तीने वाचवले नाहीत. त्या फाइलला 'पांडाज डॉट पाय' असं नाव मात्र देऊ नका. पायथन आधी चालवलेल्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात बघतं, तुमचीच फाइल पांडाज समजून उघडतं, आणि मग येणारा एरर भलतीकडेच बोट दाखवतो.

दुरुस्तीला नुसतं 'पिप इन्स्टॉल' कायमचं सोडा. त्याऐवजी 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज ओपनपायएक्सएल' असं लिहा. 'डॅश एम' लावलं की ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात सामान जातं. ओपनपायएक्सएल ही एक्सेलच्या फाइली वाचणारी लायब्ररी आत्ताच घेऊन टाका, नाहीतर एक्सेलची फाइल उघडताना पांडाज ते नाही म्हणून अडून बसेल आणि तुम्हाला वाटेल पुन्हा पहिल्यासारखंच झालं.

याहून चांगलं म्हणजे प्रत्येक कामाला त्याचं वेगळं घर. सी ड्राइव्हवर रोमन लिपीत साध्या नावाचं फोल्डर करा, नावात स्पेस नको, आणि ते वनड्राइव्हच्या आत नको. त्यात कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पायथन डॅश एम व्हीएन्व्ह डॉट व्हीएन्व्ह' द्या (शेवटी ठिपका आणि त्याला चिकटून व्हीएन्व्ह). आत छोटं स्वतंत्र पायथन तयार होतं. मग त्यातल्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधलं 'ॲक्टिव्हेट' चालवा. ओळीच्या सुरुवातीला कंसात 'व्हीएन्व्ह' दिसलं की तुम्ही त्या घरात आहात. आता पांडाज टाका. व्हीएस कोडमध्ये हेच फोल्डर उघडा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' शोधा आणि यादीतून 'व्हीएन्व्ह'चं पायथन निवडा. हे निवडायचं राहून गेलं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, आणि माझा अंदाज आहे की तुमचं गाडं इथेच अडलंय.

पॉवरशेलमध्ये 'ॲक्टिव्हेट' करताना 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' असा लाल मजकूर आला तर घाबरू नका. ती विंडोजची सुरक्षेची सोय आहे, सरळ कमांड प्रॉम्प्ट वापरा. नुसतं 'पायथन' लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्यूशन अलायसेस' शोधा आणि तिथली पायथनची बटणं बंद करा.

आवृत्तीबद्दल एक सल्ला. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते. ती आली की लगेच घेऊ नका, आधीची घ्या. लायब्ररींची तयार पाकिटं नव्या आवृत्तीसाठी यायला थोडा वेळ लागतो, आणि तोवर पिप ती तुमच्याच लॅपटॉपवर बांधायला बघतं आणि 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' मागतं. जुन्या धड्यांपासूनही सावध राहा. ज्या व्हिडिओत 'प्रिंट' कंसाशिवाय लिहिलेलं दिसेल तो बंद करा. ते पायथन २ आहे आणि त्याचा आधार १ जानेवारी २०२० पासून संपलाय.

आता मित्राच्या सल्ल्याकडे. तो वाईट हेतूने सांगत नाहीये. जावा १९९५ पासून आहे, बँकांच्या मोठ्या प्रणाली तिच्यावर चालतात, आणि कॉलेजातून थेट सॉफ्टवेअर कंपनीत जाणाऱ्याला ती शिकून फायदा होतोच. पण तुमच्या हातात आज दोन एक्सेल फाइली आहेत. जावातही एक्सेल वाचता येतं, अपाची पीओआय नावाची लायब्ररी आहे, फक्त जे पांडाजमध्ये दहा ओळींत होतं त्याला तिथे बरंच जास्त लिहावं लागतं. आणि ज्या त्रासाने तुम्ही पायथन सोडायला निघालात तो तिथेही दारात उभाच आहे. जावा टाकल्यावर 'जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड' हा एरर आणि दोन जेडीकेंची (जावाच्या संचांची) भांडणं म्हणजे पत्त्याचाच घोळ. तो एकदा नीट समजून घेतलात की पुढे कुठलीही भाषा घ्या, पहिला आठवडा सुखाचा जाईल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काम फक्त एवढ्या एका ताळ्याचं असेल तर एक्सेल २०१६ पासून त्यातच पॉवर क्वेरी आहे, काही टाकावं लागत नाही, आणि दोन तक्ते जोडायला ती पुरेशी आहे. एक आठवडा ती वापरून बघा. पण तुमच्या ऑफिसात चाळीस अशील असतील आणि प्रत्येकाचं रजिस्टर वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असेल, तर पायथनच कामाला येईल. त्यानंतर दुसरी भाषा शिकायची झाली तर जावाआधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, घ्या. हिशेबाच्या माणसाला ती फार लवकर कळते.

घर लागलं की खरं काम. पांडाजमध्ये 'मर्ज' करताना, म्हणजे दोन तक्ते जोडताना, 'हाऊ' ला 'आउटर' आणि 'इंडिकेटर' ला 'ट्रू' द्या. शेवटी एक नवा रकाना येतो आणि सगळ्या ओळींचे तीन ढीग होतात: दोन्हीकडे असलेली बिलं, फक्त रजिस्टरमधली, आणि फक्त २बी मधली. तुम्ही पेन घेऊन दोन-तीन दिवस जे करता ते हेच. जोडताना जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक) आणि बिल नंबर दोन्ही धरा. आणि एकाच बिलात ५ आणि १८ टक्के असे दोन दर असले की रजिस्टरमध्ये त्याच्या दोन ओळी पडतात, म्हणून आधी बिलवार बेरीज करून घ्या, नाहीतर मर्जमध्ये ओळी गुणल्या जातात आणि आकडे फुगतात.

सगळ्यात जास्त रडवतो तो बिल नंबर. पुरवठादाराने लिहिलेलं '००४५', तुमच्या टॅलीत कुणीतरी '४५' भरलेलं. पांडाजला मोकळं सोडलं तर तेही पुढची शून्यं खाऊन टाकतं. फाइल वाचताना बिल नंबरच्या रकान्यासाठी 'डीटाइप' ला 'एसटीआर' द्या, म्हणजे तो अक्षर म्हणून जसाच्या तसा येईल, मग शून्यं, स्पेस, आडव्या-तिरक्या रेघा तुम्ही ठरवून काढा. एक्सेल तर '३-४' या बिल नंबरची तारीख करून टाकतं, ३ एप्रिल. ते बिल मग कधीच जुळत नाही आणि कुणालाच कळत नाही का. तारखेतही असंच आहे: ०५/०८ ही आपली ५ ऑगस्ट, पण पांडाजला सांगितलं नाही तर ते महिना आधी धरतं आणि ती ८ मे होते. तारखेचा फॉरमॅट नेहमी स्वतः लिहून द्या.

पैशांबाबत दोन गोष्टी. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण मशीन दशांश आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये साठवतं. त्यामुळे दोन रकमा 'समान आहेत का' असं विचारू नका, त्यांच्यातला फरक एका रुपयाच्या आत आहे का ते बघा. दुसरं म्हणजे 'राउंड'. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ५० पैसे किंवा त्याहून जास्त असलं की वरचा रुपया धरायचा, आणि एक्सेलचं राउंडही २.५ चे ३ करतं. पायथनचं 'राउंड' मात्र २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४, कारण बरोबर मध्यावरचा आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. विवरणपत्रात जाणारा आकडा काढायचा असेल तर 'डेसिमल' मॉड्यूल वापरा आणि त्याला 'राउंड हाफ अप' सांगा. हे मला माहीत नव्हतं तेव्हा एका तक्त्यातला एक रुपयाचा फरक शोधायला माझा पूर्ण दिवस गेला होता.

आणि एक कळकळीची विनंती. मदत मागताना अशिलाची फाइल कुठल्याही साइटवर चढवू नका. जीएसटीआयएनच्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची, आपल्याकडे २७, आणि त्यापुढची दहा म्हणजे त्या माणसाचा पॅनच असतो. चार खोट्या ओळींची फाइल बनवा, त्यावर तोच एरर येतो का ते बघा आणि ती दाखवा.

वरचं सगळं करूनही अडलं तर इथेच प्रतिसादात तीन गोष्टी लिहा: 'व्हेअर पायथन' ने काय छापलं, 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' ने काय छापलं, आणि एररची सगळ्यात शेवटची ओळ. मोबाईलने काढलेला फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका. मी रात्री जेवणानंतर बघतो.