वाचकांचे प्रश्न : मुक्कामाला न्यायची छोटी टॉर्च

प्रश्न : डिसेंबरात भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र राहायचे आणि पहाटे तीनला बारी गावातून कळसूबाई चढायचा, असा बेत आहे. ऑनलाइन पाचशे रुपयांत '१०,००० ल्युमेन'ची टॉर्च मिळते; दुकानदार मात्र ३०० ल्युमेनच्या टॉर्चचे दीड हजार सांगतो. कोणती घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाचशेवाली घेऊ नका. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप. चांगल्या एलईडीतून एका वॅटमागे साधारण १०० ते १५० ल्युमेन निघतात. म्हणजे १०,००० ल्युमेनला ७० ते १०० वॅट लागतील. तेवढ्या वॅटला मुठीत मावणारी नळी हातात धरवणार नाही इतकी तापेल, आणि आतला एकुलता एक सेल दहा मिनिटांत आटोपेल. तो आकडा फक्त खोक्यावर आहे.

मुळात तुम्हाला इतका उजेड लागणारच नाही. तंबूत सामान शोधायला १ ते ५ ल्युमेन भरपूर होतात. स्वयंपाकाला ३० ते ५०, पायवाटेवर चालायला ५० ते १००. वाट चुकल्यासारखी वाटली की समोरचा उतार पाहायला २००–३०० लागतात, तेही मिनिटभर. म्हणून टॉर्च घेताना सर्वांत जास्त उजेड किती, यापेक्षा सर्वांत कमी उजेड किती, हे आधी विचारा. कमीत कमीच ५० ल्युमेन असेल, तर रात्री तंबूत बटण दाबले की शेजारचे तिघे उठून बसतील.

खोक्यावरच्या आकड्यांतही मेख असते. प्रमाणित चाचणीत प्रकाशाचे अंतर मोजतात ते पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप), उजेड उरेपर्यंत. त्यामुळे '१०० मीटर' लिहिले असेल तर नीट दिसेल असे २५–३० मीटरच धरा. 'चालण्याचा वेळ' म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. '३०० ल्युमेन, ३ तास'मधले ३०० कदाचित पहिली काही मिनिटेच मिळतील.

दुकानात दोन गोष्टी करून पाहा. टॉर्च बंद करून परत लावा. मागच्या वेळच्याच किंवा कमी उजेडावर सुरू झाली तर उत्तम. मग कमी उजेडावर ठेवून तिच्यासमोर बोटे झपकन हलवा. बोटांच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या, तर प्रकाश लुकलुकतो आहे आणि तासाभराने डोळे शिणतील.

कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. एकच वस्तू घ्यायची असेल तर काटकोनी डोक्याची, कपाळपट्ट्यात बसणारी आणि काढून हातातही धरता येणारी टॉर्च घ्या.

प्रश्न : पेन्सिल सेलची घ्यावी की १८६५० सेलची? एप्रिलमध्ये हिमालयातही ट्रेक आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एका रात्रीसाठी एका पेन्सिल सेलची, म्हणजे एए मापाची. हा सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. २,००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलमध्ये मावणाऱ्या विजेचे माप) चार्ज होणारा निकेल सेल ५० ल्युमेनवर चार ते पाच तास सहज काढतो. पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेलेच सेल घ्या. साधे निकेल सेल कपाटात पडल्या पडल्या महिन्या-दोन महिन्यांत बरेच उतरतात.

सलग तीन-चार रात्रींचा मुक्काम असेल तर १८६५० परवडतो. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, ३.७ व्होल्टचा हा लिथियम सेल. त्याची खरी क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास संपते; '९,८०० एमएएच' छापलेला सेल हातात आला तर तो परत करा. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीही टाकू नका, शॉर्ट होऊन पेट घेतो. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. विमानात सुटे लिथियम सेल केबिनच्या बॅगेतच न्यावे लागतात.

एक चूक वारंवार होते. १४५०० हा लिथियम सेल दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखा असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो. फक्त दीड व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घातला की आतले सर्किट जळते.

हिमालयात थंडीने अल्कलाइन सेल लवकर मान टाकतो. एकदाच वापरायचा दीड व्होल्टचा लिथियम एए सेल तिथे टिकतो आणि वजनालाही हलका असतो. कोणताही सेल असो, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपा.

प्रश्न : पावसाळ्यात हेडटॉर्च लावली की समोर पांढरी भिंतच दिसते. जास्त ल्युमेनची घेऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको, त्याने भिंत आणखी पांढरी होईल. धुक्याचे थेंब उजेड परतवतात आणि टॉर्च कपाळावर असल्यामुळे तो सरळ डोळ्यांत येतो. टॉर्च काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा, उजेड कमी करा, झोत पावलांपुढे तीन-चार मीटरवर टाका. उजेड तिरपा पडला की प्रत्येक दगडामागे सावली पडते आणि वाटेची उंचसखल कळते. पाचोळ्यात पडलेले फुरसेही अशा तिरप्या उजेडात लवकर नजरेत भरण्याची शक्यता जास्त. टॉर्च किती पाणी सोसते ते खोक्यावरच्या 'आयपीएक्स' आकड्यावरून कळते. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. सह्याद्रीतल्या पावसाला आयपीएक्स७ बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

प्रश्न : वर्षभराने टॉर्च काढली तर सेलवर पांढरी पूड होती आणि टॉर्च लागेना. फेकावी लागेल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा नाही. अल्कलाइन सेलमधला क्षार बाहेर येऊन ती पूड होते. हातमोजे घालून सेल काढा. कापूस गुंडाळलेल्या काडीवर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन स्प्रिंग आणि टोक पुसा. आधी थोडे फसफसेल. मग साध्या पाण्याने ओलावलेल्या काडीने पुसून दिवसभर उघडी वाळू द्या. स्प्रिंग काळी राहिली तर बारीक पॉलिश पेपर फिरवा.

एवढ्यानेही लुकलुकत असेल तर नळीची उघडी किनार पाहा. मागचे टोपण जिथे टेकते तिथली अॅल्युमिनियमची चकचकीत कडा वीज वाहून नेते, आणि तिच्यावर मळ चढलेला असतो. खोडरबराने घासा. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल तेल लावू नका.

दोन-तीन सेलच्या टॉर्चमध्ये जुने-नवे सेल एकत्र घालू नका. दमलेला सेल उलटा चार्ज होतो आणि तोच आधी गळतो. पावसाळ्यापूर्वी टॉर्च ठेवून देताना सेल काढूनच ठेवा. सॅकमध्ये नेताना टोपण अर्धा फेरा सैल केले, तर बऱ्याच टॉर्च चुकून लागत नाहीत.

प्रश्न : काजवे पाहायला पुरुषवाडीला जाताना कोणती टॉर्च न्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लाल उजेडाची सोय असलेली, आणि तीही फक्त पायवाटेपुरती. काजवे लुकलुकून जोडीदाराला खुणावतात. पांढऱ्या झोतात त्या खुणा बुडून जातात. आपल्याही डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, ती एका झोतात जाते. झाडाजवळ पोचलात की लालही बंद करा, आणि मोबाइलची स्क्रीनसुद्धा.