शंका-समाधान : सात भाग लोखंड, चार भाग गंधक

मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक शाळेत होतो आणि बऱ्याच ठिकाणी फसतो.

प्रश्न : आठवीच्या वर्गासमोर मी लोहकीस आणि गंधक तापवून आयर्न सल्फाइड करून दाखवते. दोन्ही एकेक चमचा घेते. पदार्थ काळा होतो, पण थंड झाल्यावर चुंबक लावला की बराचसा भाग चिकटतोच. मुले म्हणतात, "बाई, हे तर अजून मिश्रणच आहे." माझे काय चुकते?
– विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मुलांचे निरीक्षण बरोबर आहे, आणि त्यांना तसे आवर्जून सांगा. चूक चमच्यात आहे. चमचाभर लोहकीस चमचाभर गंधकाच्या पुडीपेक्षा कितीतरी जड भरतो, त्यामुळे तुमच्या नळीत लोखंड फार जास्त जाते. लोखंडाचे अणुवस्तुमान ५६ आणि गंधकाचे ३२, म्हणजे वजनाने ७ ला ४. तेव्हा तराजू वापरा : ७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधक. लोखंड १० ग्रॅम घेतले, तरी ४ ग्रॅम गंधकाबरोबर त्यातले ७ ग्रॅमच जाईल आणि उरलेले ३ ग्रॅम चुंबकाला चिकटेल. मिश्रणात काहीही किती घ्या, चालते. संयुग मात्र आपले प्रमाण सोडत नाही, आणि या प्रयोगात मुलांना दाखवायचे आहे ते हेच.

कीस बारीक, कोरडा आणि बिनगंजाचा हवा. वर्कशॉपमधून आणलेल्या किसाला तेल असते. तो साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा. लोखंड आणि गंधक खलात एकत्र घोटू नका. कागदावर घेऊन एका कागदावरून दुसऱ्यावर आठ-दहा वेळा ओतले की रंग एकसारखा राखाडी-पिवळा होतो. तापवण्याआधी चिमूटभर मिश्रण बाजूला ठेवून चुंबकाची परीक्षा करून दाखवा. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर कीस काढता काढता तास संपेल.

एका लहान परीक्षानळीत २ ग्रॅम मिश्रण पुरे. नळीचा पाव भाग भरला तरी खूप झाले. तोंडाशी रॉकवूलचा (खनिज तंतूंच्या न पेटणाऱ्या लोकरीचा) सैल बोळा बसवा. साधा कापूस नको, तो पेटतो. हा बोळा बरेच जण गाळतात, आणि तिथेच दुसरी चूक होते. गंधक साधारण ११५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ४४५ अंशांना उकळते, त्यामुळे हळूहळू तापवत बसलात तर संयोग व्हायच्या आधीच ते वाफ होऊन निघून जाते. नळीच्या वरच्या थंड भागात पिवळे कडे दिसते ते हेच गंधक. ४ ग्रॅमपैकी १ ग्रॅम असे गेले, तर पावणेदोन ग्रॅम लोखंड जोडीदाराविना उरते. शिवाय तोंडाशी आलेली वाफ निळ्या ज्योतीने पेटते आणि सल्फर डायऑक्साइड होतो, जो दम्याच्या मुलांना फार त्रास देतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीवर नळीचा फक्त तळ तापवा. तळाशी लाल ठिणगी दिसली की ज्योत लगेच बाजूला करा. लाली आपोआप वर सरकत जाते, कारण संयोग होताना उष्णता बाहेर पडते. ज्योत काढल्यावरही नळी धगधगते आहे, हे मुलांना जवळून पाहू द्या; मात्र डोळ्यांवर चष्मे हवेत. नळी बहुधा तडकतेच. पूर्ण गार झाल्यावर जाड फडक्यात गुंडाळून फोडा.

एवढे नीट करूनही चुंबकाला किंचित ओढ जाणवू शकते. आयर्न सल्फाइडमध्ये लोखंड जरासे कमी पडले, तर तयार होणारा एक प्रकार स्वतःच मंद चुंबकीय असतो. म्हणून केवळ चुंबकावर निकाल देऊ नका. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब घ्या. सड्या अंड्यांचा वास आला आणि लेड ॲसिटेटचा ओला कागद काळा पडला, की सल्फाइड झाले. न तापवलेल्या मिश्रणातून निघणाऱ्या हायड्रोजनला वास नसतो. सड्या अंड्यांच्या वासाचा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, विषारी आहे आणि त्याने नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नका, आणि तुकडा मोठा घेऊ नका. कार्बन डायसल्फाइडमध्ये गंधक विरघळवून दाखवण्याचा जुना प्रकार शाळेत करूच नये. त्याची वाफ तापलेल्या भांड्याच्या नुसत्या स्पर्शानेही पेट घेते.

प्रश्न : ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि ओझोनच्या रेणूत तीन. मग ते संयुग का नाहीत?
– विद्यार्थी, इयत्ता नववी, नांदेड

उत्तर : अणू किती आहेत हे मोजू नकोस, किती प्रकारचे आहेत ते बघ. गंधकाच्या रेणूत तर आठ अणूंचे कडे असते, तरी सगळे अणू गंधकाचेच, म्हणून ते मूलद्रव्य. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत दोनच अणू असतात, पण ते दोन जातींचे, म्हणून ते संयुग. "रेणू म्हणजे संयुग" असे कुणी वहीत लिहून दिले असेल, तर ते खोडून टाक.

प्रश्न : मीठ हे सोडियम क्लोराइड, म्हणजे ठरावीक गुणधर्मांचे संयुग. मग पुडीतले मीठ बऱ्यापैकी कोरडे राहते आणि खडे मिठाच्या बरणीत पावसाळ्यात पाणी सुटते, असे का? घरी ते शुद्ध करता येईल का?
– गृहिणी, अलिबाग

उत्तर : सोडियम क्लोराइड संयुग आहे, बरणीतले मीठ हे मिश्रण आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातले जेमतेम २७ ग्रॅम सोडियम क्लोराइड. उरलेल्यात मॅग्नेशियमचे क्षार बरेच. मिठागरात पाणी आटू लागले की सगळे एकदम खाली बसत नाही. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि पाणी बोमे मापकावर (हा पाण्याचा दाटपणा मोजतो, तापमान नव्हे) २५ अंशांच्या पुढे गेले की मीठ धरू लागते. ३० अंशांच्या सुमारास उरते ते मॅग्नेशियमने भरलेले कडवट पाणी. ते वेळेवर काढून टाकले नाही, किंवा मीठ ओढल्यावर ढिगातून नीट निथळले नाही, तर खड्यांवर त्याचा पातळ लेप राहतो.

तुमच्या बरणीतले पाणी सुटते ते या लेपामुळे. मॅग्नेशियम क्लोराइड हवेत सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रता असली तरी ओलावा ओढून विरघळायला लागते. शुद्ध सोडियम क्लोराइड ७५ टक्क्यांपर्यंत तग धरते. अलिबागच्या पावसाळ्यात हवा त्याच्याही वर जाते, म्हणून जुलैत पुडीतले मीठही थोडे दमट होणारच. त्यात मिठाचे दाणे सुटे राहावेत म्हणून वेगळा पदार्थ थोडासा घातलेला असतो, आणि आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेट. म्हणजे तेही मिश्रणच, फक्त ठरवून केलेले.

शुद्धीकरण करून पाहता येते, आणि प्रयोग सुंदर आहे. १०० मिली पाण्यात ४० ग्रॅम पुडीतले मीठ घालून ढवळत राहा. सुमारे ३६ ग्रॅम विरघळेल आणि तळाशी थोडे उरेल, उरायलाच हवे. वरचे संपृक्त पाणी फडक्यातून गाळून घ्या. २०० ग्रॅम खडे मीठ गाळणीत घेऊन त्यावर हे पाणी दोन-तीन वेळा थोडे थोडे ओता, निथळू द्या आणि कडक उन्हात पसरा. या पाण्याला आणखी मीठ विरघळवता येत नाही, पण मॅग्नेशियमचे क्षार ते धुऊन नेते. साध्या पाण्याने धुतले तर मीठच वाहून जाईल. धुतलेले आणि न धुतलेले खडे दोन बशांत रात्रभर उघडे ठेवा. सकाळी फरक बोटाला लागेल. धुतलेले मीठ स्वयंपाकात मात्र घेऊ नका. खड्यांवरचे आयोडेटही या धुण्यात निघून जाते, आणि खाण्याच्या मिठात घरी पोचेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलीग्रॅम आयोडीन हवे.

प्रश्न : मी ९ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीची दोन शिसे वापरून पाण्याचे विद्युत अपघटन केले. पाण्यात मीठ घातले होते. एका नळीत वायू भरला, दुसरीत अगदी थोडा आला आणि पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला. दोनास एक प्रमाण का आले नाही?
– विद्यार्थिनी, इयत्ता आठवी, नाशिक

उत्तर : तो वास क्लोरीनचा. मीठ घातले की धन बाजूला ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन निघतो आणि तो पाण्यात बराच विरघळतो, म्हणून नळी रिकामी दिसते. क्लोरीन फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा मीठ पुन्हा वापरू नकोस. २०० मिली पाण्यात चहाचा एक सपाट चमचा धुण्याचा सोडा घाल.

सोडा घातल्यावरही ऑक्सिजन थोडा कमीच भरेल. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो. यावर उपाय म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटे वायू गोळा न करता प्रवाह चालू ठेवायचा आणि मग नळ्या पाण्याने भरून उपड्या करायच्या. दुसरी गळती शिशाची. पेन्सिलीचे शिसे हे ग्रॅफाइट आणि मातीचे मिश्रण. धन बाजूच्या ग्रॅफाइटशी ऑक्सिजनचा थोडा संयोग होतो, शिसे झिजते आणि पाण्यात काळी भुकटी दिसते. अचूक दोनास एक हवे असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेतले प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड लागतील. घरी १० मिली हायड्रोजनमागे ४ मिलीच्या पुढे ऑक्सिजन मिळाला, तर प्रयोग जमला असे धर. घाई करू नकोस : ०.१ अँपिअर प्रवाह असेल तर मिनिटाला पाऊण मिलीच हायड्रोजन निघतो. दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करू नकोस, ते मिश्रण स्फोटक असते. घरातल्या प्लगची वीज कधीच वापरायची नाही.

आणखी एक गोष्ट वहीत नीट लिही. दोनास एक हे आकारमानाचे प्रमाण. वजनाने १८ ग्रॅम पाण्यात हायड्रोजन २ ग्रॅम आणि ऑक्सिजन १६ ग्रॅम, म्हणजे एकास आठ. परीक्षेत या दोन प्रमाणांचा घोळ फार होतो.

प्रश्न : पितळ चाळून, चुंबकाने किंवा पाण्यात टाकून वेगळे होत नाही. मग ते मिश्रण कसे?
– भांड्यांचे व्यापारी, पुणे

उत्तर : वेगळे करायला कठीण म्हणजे संयुग, असे नाही. पितळेत तांबे ७० आणि जस्त ३० टक्के असू शकते, किंवा ६० आणि ४०. दोन्ही पितळच, फक्त रंग आणि कठीणपणा बदलतो. शुद्ध संयुग वितळते ते साधारण एका ठरावीक तापमानाला. ७०-३० चे पितळ मात्र ९१५ अंशांना मऊ पडू लागते आणि ९५५ अंशांना पूर्ण वितळते. आणि ते वेगळे होतच नाही असेही नाही. जस्त ९०७ अंशांना उकळते, तर तांबे वितळायलाच १०८५ अंश लागतात. म्हणून ओतारी आधी तांबे वितळवतो, वर कोळशाची पूड पसरतो आणि जस्त शेवटी दाबून बुडवतो. मूस उगाच जास्त तापली तर जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने निघून जाते आणि माल लालसर उतरतो. तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून भट्टी मोकळ्या हवेत हवी. सोन्याचेही तसेच : ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, ७५० म्हणजे ७५०, बाकी तांबे, चांदी वगैरे. काही संमिश्रांच्या, म्हणजे पितळेसारख्या धातूंच्या मिश्रणांच्या, आत संयुगाचे कण असतात हे खरे. पोलादातले सिमेंटाइट, म्हणजे लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक, हे त्याचे उदाहरण. पण पोलादात ते किती असावे, हे पोलाद करणाराच ठरवतो.