आधी आत्याला बाहेर काढ

प्रिय लेकी,

मे महिन्यात शनिवार-रविवार गाठून बडोद्याला येतेयस हे वाचून आनंद झाला, आणि पुढची दोन पानं वाचून तेवढाच वैतागलो. आत्याकडे उतरावं की स्टेशनजवळ हॉटेल घ्यावं, याचा तू इतका घोळ घातलायस की मूळ गोष्ट बाजूलाच राहिली. आत्याचे गुडघे दुखतात, उन्हाळ्यात तिला ओट्यापाशी उभं करणं जिवावर येतं, म्हणून हॉटेल. पण ती रागावेल, म्हणून एक वेळचं जेवण तिच्याकडे. आणि उरलेल्या वेळात राजवाडा, कमाटीबाग, कीर्तिमंदिर, तांबेकर वाडा, सूरसागर, चांपानेर, पावागड. यादी सुरेख आहे. त्यात आत्या कुठे आहे?

हॉटेल रद्द कर. आत्याकडे उतर आणि आत्याला बाहेर काढ. सल्ला एवढाच आहे. तरी पुढे लिहितो, कारण नात्यानं मी तुझा काका नसलो तरी तू "पण काका" म्हणणार हे मला ठाऊक आहे.

आत्या कारेलीबागेत सून म्हणून आली त्याला किती वर्षं झाली ते तिलाच विचार. मग विचार, राजवाड्यातला दरबार हॉल शेवटचा कधी पाहिलास. गावातला माणूस गाव बघत नाही गं. भाजी, बँक, दवाखाना, कुणाकडची मुंज, इतकाच त्याचा फेरा. पाहुणा आला की घराला बाहेर पडायला निमित्त मिळतं, आणि तेही बहुतेक वेळा पुरुषांना आणि मुलांना. घरातली बाई मागे राहते, कारण परत आल्यावर सगळ्यांना भूक लागलेली असते.

माझी आई अशीच मागे राहिली. आमचं घर दांडिया बाजारात. सुट्टी लागली की पुण्या-नाशकाचे नातेवाईक उतरायचे, माजघरात सतरंज्या पडायच्या. वडील सकाळीच सगळ्यांना घेऊन कमाटीबागेत जायचे. तिथल्या वस्तुसंग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, ७० फुटांच्या घरातला. दुपारी सगळी फौज घरी यायची, तेव्हा आई रसासाठी आंबे पिळत बसलेली असायची, मनगटाच्या वरपर्यंत हात पिवळे. मुलं स्वयंपाकघरात शिरून देवमासा केवढा ते दाखवायची. एक पोरगं फडताळाला पाठ लावून उभं राहायचं, दुसरं पार पुढच्या दारात, तरी लांबी पुरायची नाही. आई हात न थांबवता विचारायची, "आणि तोंड केवढं रे त्याचं?" त्या सांगाड्याबद्दल आईइतकं या शहरात कुणी ऐकलं नसेल. तिनं तो पाहिला मात्र कधीच नाही. घरापासून रिक्षानं जेमतेम दहा मिनिटांवर. मी कमावता झालो तोवर तिचे पाय गेले होते. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते कमी व्हावं असंही वाटत नाही. त्या वाईट वाटण्यातूनच तुला हे सांगतोय.

म्हणून "आत्याला त्रास नको" हे कारण मला सांगू नकोस. तुझ्या मनात माया आहे हे दिसतंच आहे. पण आत्याला घरी बसवून तिच्यावर माया करता येत नाही. स्वयंपाकाचा त्रास नको ना? मग शनिवारी संध्याकाळी ओटा बंद. सगळ्यांनी कारेलीबागेतल्या 'रात्री बाजार' नावाच्या खाऊगल्लीत जायचं, सेव-उसळ तिथेच खायची. तर्री बेतानं घे, सवय नसेल तर घाम फुटतो. घरी आणायचाच असेल तर लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, आण. पण आत्याला सोबत नेऊन आण.

आता त्या यादीबद्दल. सगळी यादी दोन दिवसांत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. इथल्या मे महिन्यात अकरा ते पाच घराबाहेर पडायचं नाव काढू नकोस, पारा चाळिशी ओलांडतो. ती वेळ पंख्याखाली सतरंजी टाकून पडायची, आणि आत्या बोलायला लागली तर झोपायचंही नाही.

कमाटीबाग सकाळी लवकर. १८७९ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी ती लोकांसाठी केली, झाडं जुनी आहेत, सावली दाट आहे आणि बसायला जागा भरपूर आहे. वस्तुसंग्रहालय उघडलं की आत जा. १८९४ ची इमारत आहे ती. एका चकरेत सगळी दालनं उरकायची घाई नको. देवमासा बघा, इजिप्तची ममी बघा, आत्याचे पाय बोलायला लागले की बाहेर या.

राजवाडा आत्यासोबतच. लक्ष्मीविलास १८९० साली पूर्ण झाला हे तू कुठेही वाचशील. पण तुझ्या आत्याचं माहेर मालेगावकडचं, आणि सयाजीराव महाराजही त्याच बाजूच्या कवळाणे गावचे. शेतकऱ्याचा गोपाळ १८७५ साली, बाराव्या वर्षी, इथे दत्तक आला आणि गादीवर बसला. अनोळखी शहरात माहेर सोडून येणं म्हणजे काय, हे दरबार हॉलच्या रंगीत काचांखाली उभं राहून तिला विचार. तिला सांगण्यासारखं पुष्कळ असेल. तिकीट महाग आहे, ती दारातच "मी थांबते बाहेर" म्हणेल. तिकिटं आधीच काढून हातात दे. आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, ती चुकवू नका.

तांबेकर वाड्याचं मात्र जपून. भाऊ तांबेकर म्हणजे गायकवाडांचे दिवाण. वाडा लाकडी, आतल्या भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारत रंगवलेलं. पण जिना चढावा लागतो. माझ्या मामीला मी नेलं होतं, एकेका पायरीवर थांबत. रावपुऱ्यात जन्म गेला तिचा, तरी वाड्यात पाऊल ठेवलं नव्हतं. वर गेल्यावर तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि भिंतीच्या अगदी जवळ गेली. युद्धाकडे, रथांकडे बघितलंसुद्धा नाही. बायकांच्या अंगावरचे दागिने बोटानं हवेतच मोजत राहिली, आणि कुठला दागिना आपल्या आजेसासूकडे होता, तो कुणाच्या लग्नात मोडला, हे सांगत सुटली. ती चित्रं मी आधीही पाहिली होती. दागिन्यांकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

राहिलं पावागड. इथे माझ्याच घरात माझ्याशी भांडतात. भाचा कुटुंबासह आला होता, पावागड ठरला होता. वहिनीला दम लागतो. रोपवे आहे खरा, पण त्यानंतरही पायऱ्या उरतातच. भाचा म्हणाला, मामी खाली थांबतील. मी म्हटलं, कुणी खाली थांबणार नाही, आपण सगळेच खाली राहू. खाली चांपानेर आहे. गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्यानं १४८४ साली जिंकून राजधानी केलेलं, २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं. जामी मशिदीपर्यंत गाडी जाते. तिथल्या दगडी कोरीवकामासमोर वहिनी बराच वेळ उभी होती. भाचा अजून म्हणतो, मामानं हट्टापायी मुलांची सहल घालवली. घालवली असेल. मुलांचे पाय तरुण आहेत, ती पुन्हा येतील आणि गड चढतील. वहिनीला घेऊन पुन्हा कोण निघणार होतं? मी बरोबर होतो आणि आजही तेच करीन.

तू म्हणशील, काका, मला स्वतःसाठीही थोडा वेळ हवा. घे की. रविवारी पहाटे एकटी उठून कीर्तिमंदिरापर्यंत, गायकवाड घराण्याच्या स्मारकापर्यंत, चालत जा. आत नंदलाल बोसांनी रंगवलेलं गंगावतरण आहे, मीराबाई आहे. दार उघडं मिळालं तर बघ, नाहीतर बाहेरून बघून परत ये. आत्याच्या चहाला मात्र घरी असायचं. संध्याकाळी सगळे मिळून सूरसागर तलावाच्या कठड्यावर बसा. समोरच्या संगीत महाविद्यालयाची सुरुवात १८८६ सालच्या गायनशाळेपासून, गायक मौलाबक्षांच्या हाताखाली झाली. आत्या पूर्वी गाणं शिकायची असं तुझ्या बाबांनी मला एकदा सांगितलं होतं. तुला माहीत होतं का?

तर आज रात्रीच तिला फोन कर आणि "मी येतेय" एवढ्यावर थांबू नकोस. "शनिवारी सकाळी आपण दोघी कमाटीबागेत जातोय" असं सांग. ती म्हणेल, "मी कशाला, तुम्ही जाऊन या." पहिलं उत्तर हेच येणार. ते खरं धरू नकोस. पुन्हा विचार, गुडघ्याचा पट्टा आणि पाण्याची बाटली मी घेते म्हण, आणि रिक्षा किती वाजता बोलावू ते मला कळव.

तुझा,
काका