एकशे वीस मिनिटांचा हिशोब

“मॅडम, मला निसर्ग आवडतो, पण तो माझ्या वाट्याला येतच नाही,” असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्या त्या बाई डोंबिवलीत राहणाऱ्या होत्या. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आसपास, नोकरी मुंबईत हिशोब तपासण्याची आणि रोजचे जवळजवळ तीन तास लोकलमध्ये. घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते, झोपून उठले तरी थकवा जात नाही, दिवाळीत आणि मे महिन्यात कोकणात गेले की चार दिवस बरे वाटते आणि परत आले की दुसऱ्याच दिवशी सगळे पहिल्यासारखे होते, अशी त्यांची तक्रार होती. नोकरी सोडून गावी राहायला जायचे किंवा इथेच कोमेजत राहायचे, याखेरीज तिसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. शहरातून येणारी बरीच माणसे माझ्यासमोर नेमकी हीच काळजी मांडतात.

अशा वेळी मी आधी शारीरिक तपासण्या करून घ्यायला सांगते आणि नैराश्याची लक्षणे आहेत का, हेही पाहते. नैराश्य नव्हते, हिमोग्लोबिन मात्र बरेच कमी निघाले आणि त्यावर डॉक्टरांनी औषधे सुरू केली. झाडे पाहून हिमोग्लोबिन वाढत नाही, एवढे आम्ही समुपदेशकांनीही लक्षात ठेवलेले बरे.

त्यानंतर मात्र चूक माझ्याकडून झाली. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला होता. आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, मग तो वेळ त्यांनी एकदम घालवलेला असो वा तुकड्यातुकड्यांनी, असे त्यात आढळले होते. मी तो आकडा उत्साहाने सांगितला. तीन आठवड्यांनी बाई एक्सेलमधला तक्ता घेऊनच आल्या : १२०, ९५, १२०. “गेल्या शनिवारी पंचवीस मिनिटे कमी पडत होती, म्हणून रात्री साडेदहाला सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या,” असे त्यांनी सांगितले, तेव्हा आम्ही दोघीही हसलो. पण मला आतून ओशाळल्यासारखे झाले. त्या अभ्यासात दोन गोष्टींचा संबंध दिसला होता, कशामुळे काय झाले हे त्यातून सिद्ध होत नव्हते. मी मात्र टार्गेटांनी आधीच दमलेल्या बाईला आणखी एक टार्गेट देऊन मोकळी झाले होते.

तेव्हा मला जुना एक अभ्यास आठवला. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. त्या रुग्णांनी फेऱ्या मारल्या नव्हत्या की मिनिटे मोजली नव्हती. म्हणून मी बाईंना विचारले, “रोज तुम्ही कोणत्या खिडकीपाशी उभ्या असता?” त्या म्हणाल्या, “स्वयंपाकघराच्या, चहा उकळेपर्यंत. पण बाहेर काही नाही हो, एक गुलमोहर आहे, तोही वाळल्यासारखा.”

फेब्रुवारी संपत आला होता, त्यामुळे गुलमोहर तसा दिसणे स्वाभाविकच होते. हे झाड मूळचे मादागास्करचे, म्हणून जाणकार निसर्गप्रेमी त्याच्याकडे पाहून नाक मुरडतात. मला ती चैन परवडत नाही. माणसाच्या खिडकीसमोर जे असेल त्यावरच मला काम करावे लागते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, चहा उकळेपर्यंत झाडाकडे पाहायचे आणि काल नव्हते असे एखादे काही दिसले तर पुढच्या भेटीत सांगायचे, एवढेच ठरले. हिशोब तपासताना लागणारे लक्ष ओढूनताणून धरावे लागते आणि ते दमते. पान हलताना, पाखरू बसताना लक्ष आपोआप जाते आणि तेवढ्यात दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो, अशी मांडणी रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने केली आहे. माझा भर त्यावर होता.

त्यानंतरच्या पहिल्या भेटीत उत्तर आले, “शेंगा आहेत.” त्यापुढच्या भेटीत बाई बसायच्या आधीच बोलू लागल्या. शेजारच्या इमारतीतली पाण्याची मोटर खराब झाली आहे, असे ज्या टुक् टुक् आवाजावरून त्या कित्येक वर्षे समजत होत्या, तो आवाज झाडावरून येत होता. हिरवे अंग, कपाळावर आणि गळ्याशी लाल रंग, चिमणीहून जरासा मोठा असा तांबट पक्षी शेंड्यावर बसला होता. “त्याची चोच मिटलेलीच असते, मॅडम. फक्त गळा फुगतो आणि दर टुक्‌ला मान वळते, म्हणून आवाज कुठून येतो ते कळत नाही.” हे मलाही इतक्या बारकाईने ठाऊक नव्हते. त्या दिवशी तक्त्याचा विषय निघाला नाही.

प्रत्येकाला झाड मिळतेच असे नाही. एका तरुणाच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडत असे. त्याला मी गच्चीवरून चंद्र पाहायला सांगितले. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे त्याने स्वतः ताडून पाहिले. एका आजोबांनी ट्रेमध्ये मेथी पेरली आणि रुजलेल्या दाण्यांची खबर ते मला फोनवर देत राहिले.

बाईंची लोकल तीच राहिली आणि वरिष्ठांचा स्वभावही बदलला नाही. औषधांमुळे थकवा कमी झाला, त्याचे श्रेय मी गुलमोहराला देणार नाही. पण सकाळची पहिली चिडचिड आता चहानंतर होते, असे त्यांच्या मुलीने त्यांना सांगितले होते.

मे महिन्यात त्या शेवटच्या भेटीला आल्या, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीवरून सोसायटीत वाद घालून आल्या होत्या. तांबटाने एका सुकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला ढोली कोरली होती. पिल्ले उडेपर्यंत ती फांदी राहू द्यावी आणि तोवर तिच्याखाली कोणी गाडी लावू नये, हे त्यांनी सेक्रेटरींच्या गळी उतरवले होते. त्यांनी मोबाईलवरचा फोटो माझ्यापुढे धरला. मला त्यात फांदीवरचे एक काळे भोक तेवढे दिसत होते.

“आत आहे ती,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.