धावत्या घोड्याचे चारही पाय

प्रश्न : भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात, हे छायाचित्रांनी कसे सिद्ध केले?

उत्तर : कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे लेलंड स्टॅनफर्ड यांच्या घोडपागेत छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे असे ताणले, की सॅली गार्डनर ही घोडी धावत येताना एकेक दोरा तुटावा आणि त्या त्या कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडावी. पाय अधांतरी असतात हे त्यात दिसलेच. पण खरी गंमत अशी, की चित्रकार रंगवत आले तसे ते पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. (चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही, नुसत्या डोळ्यांना तो क्षण पकडताच येत नाही.)

उडत्या पक्ष्याकडून मात्र दोरे तोडून घेता येत नाहीत. म्हणून फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावून नेम धरला, की एकाच फिरत्या काचेवर सेकंदाला १२ छायाचित्रे उमटत. एकाच भिंगातून हालचाल टिपणारे हे यंत्र मला चलच्चित्र कॅमेऱ्याचे अधिक जवळचे पूर्वज वाटते.